गुडवुडचे सहा तास

१९५९ साल सुरू झालं तेव्हा ॲस्टन मार्टिनच्या मनात जगज्जेतेपद नव्हतंच. त्यांना एकच शर्यत जिंकायची होती, फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची. दहा वर्षं ते तिच्या मागे लागले होते. १९५५, १९५६ आणि १९५८ अशी तीन वर्षं त्यांची गाडी दुसरी आली होती. त्यातून शिल्लक उरलेली रुखरुख मिटवणं एवढीच त्यांची त्या वर्षीची योजना. बाकीचा पैसा, बाकीची माणसं फॉर्म्युला वनच्या नव्या गाडीवर लावायची ठरली होती. तरीही सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका जुन्या विमानतळावर, सहा तासांच्या शर्यतीनंतर जगज्जेतेपद त्यांच्याच हाती आलं. मोटार शर्यतींच्या इतिहासात याहून वेगवान, याहून मोठ्या शर्यती पुष्कळ झाल्या. मला मात्र पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती हीच.

ॲस्टन मार्टिनचं नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे ते जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर'मधल्या रुपेरी डीबी५ गाडीमुळे. त्यातली 'डीबी' ही आद्याक्षरं डेव्हिड ब्राउन यांची. यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डचे हे कारखानदार. गिअर बनवणं हा घराण्याचा धंदा, त्यात त्यांनी ट्रॅक्टरची भर घातली. दुसरं महायुद्ध संपल्यावर 'द टाइम्स'मध्ये एक मोटार कंपनी विकायची असल्याची छोटीशी जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली आणि १९४७ साली २०,५०० पौंडांना त्यांनी ती कंपनी घेतली. हीच ॲस्टन मार्टिन. नाव मोठं होतं, पण खिसा कायम फाटका. ब्राउन यांनी ट्रॅक्टर आणि गिअरच्या नफ्यावर तिला उभं केलं आणि तिच्या गाड्या शर्यतीत उतरवल्या.

शर्यतीसाठी बनवलेली त्यांची सर्वांत देखणी गाडी म्हणजे डीबीआर१. टेड कटिंग या अभियंत्याने तिची रचना केली. लांब, सखल नाक, सहा सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन, अंगाला फिका हिरवा रंग. वळणावर ती घट्ट बसायची. तिच्या बरोबरीने वळण घेणारी गाडी त्या काळात क्वचितच होती. ताकदीत मात्र फेरारी तिच्या पुढे असे. तिचं दुसरं दुखणं म्हणजे गिअरबॉक्स. तो ब्राउन यांच्याच कारखान्याचा. मागच्या चाकांपाशी बसवलेला हा पाच गिअरचा डबा अडायचा, ऐन शर्यतीत जाम व्हायचा, आणि चालक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. ज्या माणसाचं सगळं घराणं गिअरवर उभं राहिलं त्याच्याच गाडीचा कच्चा दुवा तोच असावा, हे ब्राउन यांना किती लागलं असेल! अशा एकूण पाच गाड्या बनल्या. चार कंपनीच्या संघासाठी आणि पाचवी ग्रॅहम व्हाइटहेड नावाच्या एका खाजगी चालकासाठी. हे नाव लक्षात ठेवावं.

स्पोर्ट्स गाड्यांचं हे जगज्जेतेपद १९५३ साली सुरू झालं. ते चालकाला मिळत नसे, गाडी बनवणाऱ्या कंपनीला मिळे. १९५८पासून इंजिनाला तीन लिटरची मर्यादा आली. ल माँला १९५५ साली ऐंशीहून अधिक माणसं गेली होती आणि १९५७च्या मिले मिलिया शर्यतीने इटलीतल्या रस्त्यांवर मुलंबाळं मारली होती. वेगाला कुठेतरी लगाम घालणं भाग होतं. या मर्यादेमुळे मोठ्या इंजिनांच्या गाड्या बाद झाल्या आणि ॲस्टन मार्टिनच्या तीन लिटरच्या गाडीला बरोबरीचं मैदान मिळालं. १९५९च्या हंगामात पाच शर्यती होत्या. पहिल्या येणाऱ्या कंपनीला ८ गुण, मग ६, ४, ३, २, १. एका कंपनीच्या कितीही गाड्या आल्या तरी सर्वांत पुढची तेवढी मोजायची, आणि वर्षाच्या शेवटी पाचांपैकी सर्वोत्तम तीन निकाल धरायचे. 'सर्वोत्तम तीन' हा नियम पुढे महत्त्वाचा ठरला.

मार्चमध्ये अमेरिकेत सेब्रिंगला बारा तासांची शर्यत झाली. ॲस्टन मार्टिनने एकच गाडी पाठवली, ती अर्ध्यात बंद पडली. फेरारी पहिली आणि दुसरीही, पोर्श तिसरी. मेमध्ये सिसिलीच्या डोंगरवाटांवर टार्गा फ्लोरिओ झाली. तिथे हलकी, चपळ पोर्श जिंकली. ॲस्टन मार्टिन तिथे गेलीच नव्हती. दोन शर्यती झाल्या आणि खात्यावर शून्य. त्याचं दुःखही कोणाला नव्हतं, कारण डोळे जूनमधल्या ल माँवर होते.

इथे स्टर्लिंग मॉस मध्ये पडला.

मॉस त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता आणि जगातला सर्वांत चांगला चालक तोच, हे त्याच्या विरोधात पळणारेही मान्य करत. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत आदल्या वर्षी तो याच गाडीतून जिंकला होता. जंगलातून, टेकड्यांवरून जाणारा जवळजवळ तेवीस किलोमीटरचा तो वळणांचा रस्ता डीबीआर१ साठीच घडवला असावा असं त्याचं मत होतं. कंपनी म्हणाली, यंदा नाही, ल माँची तयारी आहे. मॉसने हट्ट धरला. गाडी आणि मेकॅनिक द्या, खर्चाचं मी बघतो, असं त्याने सांगितलं. अखेर एक गाडी मिळाली. जोडीला जॅक फेअरमन, शेहेचाळीस वर्षांचा, भडक वेगाचा नव्हे पण लांब पल्ल्याला भरवशाचा चालक.

मॉसने सुरुवातीपासून फेरारींना मागे टाकलं. आघाडी चांगली वाढवली आणि गाडी फेअरमनच्या हाती दिली. थोडा पाऊस पडला. पुढच्या संथ गाडीला चुकवताना फेअरमन रस्त्याबाहेर गेला आणि गाडी मागच्या बाजूने खड्ड्यात बसली. शर्यत तिथेच संपायला हवी होती. मदत घेतली तर बाद, आणि एकट्याने खड्ड्यातून मोटार काढणार कोण? फेअरमनने पाठ लावली. खांदा आणि पाठ गाडीखाली घालून, जोर लावून त्याने ती रेटत रेटत रस्त्यावर आणली आणि चेपलेल्या शेपटीची गाडी घेऊन पिटला, म्हणजे मार्गाकडेच्या संघाच्या थांब्यावर, पोचला. आघाडी गेली होती, फेरारी पुढे निघून गेल्या होत्या. मॉस पुन्हा गाडीत बसला आणि त्याने त्या सगळ्या पुन्हा गाठल्या. शेवटी तो फिल हिल आणि ओलिव्हिए जाँदबिएँ यांच्या फेरारीपुढे ४१ सेकंदांनी जिंकला. या विजयाचे ८ गुण मॉसच्या हट्टाचे म्हणावेत तसे फेअरमनच्या पाठीचेही म्हणायला हवेत. त्याचं कौतुक तेव्हा कमी झालं आणि आजही कमीच होतं.

दोन आठवड्यांनी ल माँ. तिथे मॉसला ससा करण्यात आलं. त्याने सुरुवातीपासून सुसाट पळायचं, फेरारींना मागे पळायला लावायचं आणि त्यांची इंजिनं थकवायची. मॉसची गाडी संध्याकाळीच गेली, पण फेरारीच्या गाड्याही एकामागून एक मोडल्या. संयमाने चालवलेल्या दोन ॲस्टन मार्टिन पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पहिल्या गाडीत रॉय साल्वाडोरी आणि टेक्सासचा कॅरोल शेल्बी, दुसरीत मॉरिस त्रँतिन्याँ आणि पॉल फ्रेर. ब्राउन यांचं दहा वर्षांचं स्वप्न पुरं झालं. ठरल्याप्रमाणे तिथे हिशेब मिटायला हवा होता.

पण कोणीतरी गुणांची बेरीज केली. फेरारीचे १८, ॲस्टन मार्टिनचे १६, पोर्शचे १५. उरली फक्त एक शर्यत, आणि तीही घरची. नियम आठवा: सर्वोत्तम तीन निकाल. फेरारीकडे ८, ६ आणि ४ असे तीन निकाल आधीच होते, म्हणजे आता तिसरी येऊन तिला काहीच मिळणार नव्हतं. अगदी जिंकली तरी ४ जाऊन ८ येणार आणि बेरीज २२ होणार. ॲस्टन मार्टिनकडे दोनच निकाल होते, दोन्ही विजयाचे. त्यामुळे मिळेल तो प्रत्येक गुण खात्यात जमा होणार होता. जिंकली तर २४, आणि मग कोणीही गाठू शकत नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला जे मागितलंच नव्हतं ते आता दारात येऊन उभं होतं. तीन गाड्यांची नावं गेली.

ही शेवटची शर्यत म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी. मोटार शर्यतींतल्या सर्वांत जुन्या करंडकांपैकी हा एक, १९०५ साली आइल ऑफ मॅनवर पहिल्यांदा लढवला गेलेला. पुढे तो उत्तर आयर्लंडमध्ये गेला. तिथे डंड्रॉडच्या अरुंद, बांधांमधून जाणाऱ्या रस्त्यावर १९५५ साली एकाच शर्यतीत तीन चालक मारले गेले आणि तो रस्ता मोटारींना कायमचा बंद झाला. १९५८पासून टुरिस्ट ट्रॉफी गुडवुडला आली.

गुडवुड हे ससेक्समधल्या ड्यूक ऑफ रिचमंड यांच्या जहागिरीतलं ठिकाण. युद्धात तिथे वेस्टहॅम्पनेट नावाचा लढाऊ विमानांचा तळ होता. दोन्ही पाय गमावलेला प्रसिद्ध वैमानिक डग्लस बेडर आपल्या शेवटच्या उड्डाणाला, ज्यात तो फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती लागला, इथूनच निघाला होता. मधलं मैदान गवताचं. त्याच्या कडेने विमानं फिरवायला केलेला डांबरी रस्ता. युद्ध संपलं आणि मोटारींचं वेड असलेल्या ड्यूकनी त्याच कडेच्या रस्त्याचा शर्यतीचा मार्ग केला. १९४८च्या सप्टेंबरात तो खुला झाला. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोळावरमला युद्धातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या, त्यातलाच हा प्रकार. एक फेरी २.४ मैलांची, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या थोडी वर. जवळजवळ सगळी वळणं वेगाची. आणि डांबर खरखरीत. या डांबराने टायर किसणीवर नारळ घासावा तसे झिजायचे. गुडवुडला शर्यत जिंकायची तर ती जितकी रस्त्यावर तितकीच पिटमध्ये जिंकावी लागे.

ॲस्टन मार्टिनला हे कोणी सांगायची गरज नव्हती. गुडवुडला पूर्वी तीनदा नऊ तासांची शर्यत झाली होती, १९५२, १९५३ आणि १९५५ साली, आणि तिन्ही वेळा त्यांचीच गाडी जिंकली होती. त्यांतल्या पहिल्या शर्यतीत एक गोष्ट घडली होती. रात्री पिटमध्ये रेग पार्नेलच्या गाडीत पेट्रोल भरताना भडका उडाला. संघाचा व्यवस्थापक जॉन वायर आणि मेकॅनिक भाजले, वायरला इस्पितळात न्यावं लागलं. चालक पार्नेलने तिथल्या तिथे संघाची सूत्रं हाती घेतली आणि दुसरी गाडी, पीटर कॉलिन्स आणि पॅट ग्रिफिथची, विजयी करून आणली. सात वर्षांनंतर वायर कंपनीत वरच्या जागेवर गेला होता आणि पिटमध्ये व्यवस्थापक म्हणून उभा होता तो रेग पार्नेलच.

५ सप्टेंबर १९५९. टायर बदलण्याचा वेळ वाचवायचा म्हणून ॲस्टन मार्टिनने एक युक्ती केली होती. गाडीच्या पोटातच जॅक बसवले होते. पिटमध्ये आल्यावर हवेची नळी लावायची की अख्खी गाडी जागच्या जागी चारही चाकांवरून उचलली जाई. बाकीच्या संघांचे मेकॅनिक चाकांचे जॅक ढकलत गाडीखाली घालत, आधी एक टोक उचलत, मग दुसरं. तेवढ्यात ॲस्टन मार्टिनची चारही चाकं बदलून होत. आज मोठ्या शर्यतींत हे नेहमीचं झालं आहे. त्या दिवशी समोरच्यांनी ते डोळे विस्फारून पाहिलं असणार. एरवी फेरारी शर्यतीत एवढी मागे पडायला नको होती. पण त्यांना प्रत्येक थांब्याला जास्त वेळ लागे आणि तो रस्त्यावर भरून काढता येण्याजोगा नव्हता.

चालकांच्या जोड्या अशा: मॉस आणि साल्वाडोरी, शेल्बी आणि फेअरमन, त्रँतिन्याँ आणि फ्रेर. चौथी डीबीआर१ ग्रॅहम व्हाइटहेडची स्वतःची, जोडीला हेन्री टेलर. समोर फेरारीकडे टोनी ब्रुक्स, डॅन गर्नी, फिल हिल, जाँदबिएँ, क्लिफ ॲलिसन अशी फळी. आदल्याच वर्षी याच शर्यतीत ब्रुक्स मॉसचा जोडीदार होता आणि दोघे मिळून ॲस्टन मार्टिनमधून जिंकले होते. आता तो फेरारीत होता. पोर्शकडे वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि यो बोनिए. पोर्शचं इंजिन इतरांच्या जवळपास निम्म्या आकाराचं. सरळ रस्त्यावर ती मागे पडे, पण वजन हलकं, पेट्रोल कमी, टायरही कमी झिजत. ज्या रस्त्यावर टायर वाचवणारा जिंकतो तिथे अशी गाडी सर्वांत धोक्याची असते.

मॉस सुरुवातीलाच पुढे निघाला आणि पुढे राहिला. साल्वाडोरीनेही आघाडी टिकवली. शर्यत निम्म्यावर येत होती, हिरव्या गाड्या पुढे होत्या, घड्याळाच्या काट्यावर चाललेली ती शर्यत वाटत होती. साल्वाडोरी पेट्रोल, टायर आणि चालक बदलण्यासाठी पिटमध्ये आला. मॉस हेल्मेट घालून तयार उभा होता.

त्या काळी पेट्रोल उंचावरच्या टाकीतून जाड नळीने खाली येई. नळीच्या तोंडाशी खटका असायचा; तोंड गाडीच्या टाकीत घातल्यावर तो उघडायचा. घाई सेकंदांची होती. नळीचं तोंड टाकीत बसायच्या आधीच पेट्रोल सुटलं. ते गाडीच्या पाठीवर, बाजूवर सांडलं आणि शर्यतीत तापून लाल झालेल्या एक्झॉस्टवर पडलं. क्षणात भडका झाला. साल्वाडोरी अजून आतच होता. पेटलेल्या कपड्यांनिशी तो उडी मारून बाहेर पडला आणि जमिनीवर लोळत त्याने अंगावरची आग विझवली. मेकॅनिकही भाजला. आग गाडीवरून पिटवर चढली, वरच्या टाकीपर्यंत गेली. काळ्या धुराचा लोट वर चढला. मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांनाही तो दिसला असेल. शर्यत थांबवली गेली नाही. त्या जळत्या पिटसमोरून बाकीच्या गाड्या पूर्ण वेगाने जात राहिल्या.

आग विझली तेव्हा आघाडीची गाडी कोळसा झाली होती आणि पिटही गेली होती. साल्वाडोरीच्या भाजण्याला सुदैवाने गंभीर रूप आलं नाही. पण पार्नेलसमोर दुसराच प्रश्न होता. त्याच्या दोन गाड्या अजून रस्त्यावर होत्या, शेल्बी-फेअरमनची तर विजयाच्या टप्प्यात. त्यांना अजून पेट्रोल लागणार होतं, टायर लागणार होते. ते भरायचं कुठे? टाकी नाही, नळी नाही, जागा नाही. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत पिट नसलेली गाडी म्हणजे घर नसलेला माणूस. तो काही काळ चालत राहील, पण थांबणार कुठे? काही फेऱ्यांनी पेट्रोल संपलं की जगज्जेतेपदाचा विषय संपला असता.

तेव्हा ग्रॅहम व्हाइटहेडने आपली गाडी शर्यतीतून काढून घेतली आणि आपली पिट कंपनीच्या संघाला दिली.

हा माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ग्रॅहम आणि त्याचा सावत्र भाऊ पीटर हे दोघेही शर्यतीचे चालक. पीटर व्हाइटहेड मोठा, १९५१ साली ल माँ जिंकलेला. १९५८च्या ल माँला हे दोघे भाऊ आपली स्वतःची जुनी ॲस्टन मार्टिन घेऊन उतरले. कंपनीच्या तिन्ही नव्या गाड्या मोडल्या आणि भावांची जुनी गाडी दुसरी आली. वर म्हटलेल्या तीन दुसऱ्या क्रमांकांतला तिसरा हाच. त्यानंतर तीन महिन्यांनी, सप्टेंबर १९५८मध्ये, दोघे फ्रान्सभर चालणाऱ्या मोटार शर्यतीला गेले. गाडी ग्रॅहम चालवत होता. रात्री ती पुलावरून दरीत कोसळली. पीटर गेला, ग्रॅहम वाचला.

त्या घटनेला गुडवुडच्या दिवशी एक वर्षही पूर्ण झालं नव्हतं. भाऊ गेल्यावर पुन्हा चाकामागे बसणं त्याला किती जड गेलं असेल, हे बाहेरच्याने बोलू नये. पण तो बसला होता, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गाडीत, घरच्या मैदानावर, हंगामाच्या सर्वांत मोठ्या दिवशी. खाजगी चालकाला असे दिवस मोजकेच मिळतात. कंपनीच्या चालकाला पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी मिळते. याचा खर्च, याचा वेळ, याची हौस, सगळं त्या एका नावनोंदणीत अडकलेलं असतं. ते त्याने सोडून दिलं. हेन्री टेलरचाही दिवस त्याबरोबर गेला, हेही विसरू नये. व्हाइटहेडची गाडी बाजूला झाली आणि त्याच्या टाकीतलं पेट्रोल, त्याची नळी, त्याची चार हात जागा कंपनीच्या गाड्यांना मिळाली.

पार्नेलने शेल्बी-फेअरमनची गाडी आत बोलावली आणि मॉसला तिच्यात बसवलं. ल माँ जिंकलेली गाडी तीच. शेल्बी आणि फेअरमन यांनी आपली जागा दिली, तीही कुरकुर न करता. हंगामभर फेअरमनच्या वाट्याला हेच आलं: गाडी सांभाळून ठेवायची आणि मॉसच्या हाती द्यायची. न्यूर्बुर्गरिंगला त्याने खड्ड्यातून काढून दिली होती, इथे धुरातून काढून दिली.

उरलेला वेळ मॉसने जे चालवलं त्याचं वर्णन वेगाच्या आकड्यांत होणार नाही. पोर्श थांबे वाचवत पुढे सरकली होती. मॉसला ती गाठायची होती, पण टायर फाडून नव्हे. गुडवुडची लांब, वेगाची वळणं तो गाडी किंचित तिरकी तरंगवत घेई, स्टिअरिंग जवळजवळ न वळवता, आणि तेच टायरला सर्वांत कमी त्रास देणारं होतं. फेऱ्यामागून फेऱ्या त्याच एका लयीत. त्याने आघाडी परत घेतली आणि मग सोडली नाही.

मागे फेरारीने आपल्या चालकांची अदलाबदल चालवली होती. शेवटी ब्रुक्स त्यांच्या सर्वांत पुढच्या गाडीत बसला आणि फॉन ट्रिप्सच्या पोर्शच्या मागे लागला. दुसरा क्रमांक मिळाला असता तर फेरारी २० गुणांवर जाऊन पोर्शच्या पुढे स्पष्टपणे राहिली असती. सहा तासांच्या शर्यतीनंतर त्या दोन गाड्यांतलं अंतर काही सेकंदांचं उरलं, पण ती छोटी पोर्श सापडली नाही.

मॉसने २२४ फेऱ्या, म्हणजे सुमारे ८६५ किलोमीटर पूर्ण केले. पोर्श दुसरी, फेरारी तिसरी, त्रँतिन्याँ-फ्रेरची ॲस्टन मार्टिन चौथी. अंतिम गुण: ॲस्टन मार्टिन २४, फेरारी १८, पोर्श १८. सगळे निकाल धरले असते तर फेरारीचे २२ आणि पोर्शचे २१ झाले असते, तरी क्रम हाच राहिला असता. एका ब्रिटिश कंपनीने हे जगज्जेतेपद पहिल्यांदाच मिळवलं. पाच शर्यतींपैकी चार लढवल्या, तीन जिंकल्या. नियमाने मोजायचे निकालही तीनच होते.

आठच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, इटलीत मोंझाला फॉर्म्युला वनची शर्यत झाली. भाजलेला साल्वाडोरी तिथे ॲस्टन मार्टिनच्या गाडीत बसला होता. मॉस दुसऱ्या संघाची कूपर घेऊन उतरला आणि ती शर्यतही जिंकला.

डेव्हिड ब्राउन यांनी ते वर्ष संपताना स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतींतून संघ काढून घेतला. काहींना ते घाईचं वाटलं. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. ल माँ मिळाली होती, जगज्जेतेपद मिळालं होतं, आणि त्या गाडीत आता आणखी सुधारणेला वाव फारसा उरला नव्हता. त्यांचा फॉर्म्युला वनचा प्रयत्न मात्र फसला. गाडी जुन्या धाटणीची, इंजिन चालकाच्या पुढे असलेली, आणि जग तोवर मागच्या इंजिनाकडे वळलं होतं. शेल्बीला हृदयाचं दुखणं होतं, त्याने १९६०मध्ये चाक सोडलं आणि पुढे अमेरिकेत कोब्रा ही गाडी घडवली. जॉन वायरने १९६८ आणि १९६९ साली फोर्ड जीटी४० गाड्यांसह ल माँ जिंकून दाखवलं. फॉन ट्रिप्स १९६१मध्ये मोंझाला मरण पावला. मॉसने टुरिस्ट ट्रॉफी एकूण सात वेळा जिंकली, त्यातल्या शेवटच्या चार गुडवुडला. त्याची कारकीर्दही गुडवुडलाच संपली. २३ एप्रिल १९६२ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, सेंट मेरीज वळणाजवळ त्याची गाडी बांधावर आदळली. तो महिनाभर बेशुद्ध होता. वाचला, पण मोठ्या शर्यतींत पुन्हा पूर्वीसारखा उतरला नाही.

१९६६मध्ये गुडवुडच्या शर्यती बंद झाल्या. ड्यूकच्या नातवाने १८ सप्टेंबर १९९८ रोजी, म्हणजे पहिल्या शर्यतीला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जुन्या गाड्यांसाठी तो मार्ग पुन्हा खुला केला. दर सप्टेंबरात तिथे शर्यती होतात आणि कधी कधी एखादी डीबीआर१ही धावते. त्या गाड्यांची किंमत आता अशी आहे की २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात पाचांपैकी पहिली गाडी सव्वादोन कोटी डॉलरच्या वर गेली. न्यूर्बुर्गरिंगला फेअरमनने पाठीवर उचलली होती ती हीच.

त्या दिवसाच्या निकालपत्रात विजेत्या गाडीपुढे तीन नावं आहेत: शेल्बी, फेअरमन, मॉस. व्हाइटहेड आणि टेलर यांची नावं खाली, शर्यत पूर्ण न केलेल्यांच्या यादीत आहेत. माझ्या मते ती वरच्या तिघांच्या शेजारी हवीत.